भुईचाफा फुलत का नाही? खान्देशातल्या सावलीच्या वाफ्याची क्रमवार कृती

दोन तक्रारी मी दरवर्षी ऐकतो. पावसाळ्यात कुणीतरी सांगतं, ‘पानं हातभर आली, पण फूल एकसुद्धा नाही.’ आणि मार्चमध्ये दुसरं कुणी हातात मातीचा गोळा घेऊन येतं, ‘कंद उकरला तर आत नुसता लगदा.’ दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपण या झाडांना सावली देतो आणि झोप देत नाही.

सातपुड्याच्या उतारावरचं सागाचं रान डोळ्यांपुढे आणा. हिवाळा सरता सरता सागाची पानं गळतात, उन्हाळ्यात रान उघडं-बोडकं होतं आणि ऊन थेट जमिनीवर येतं. या उघड्या दिवसांत जमिनीतले कंद पानं न काढता नुसतं फूल वर पाठवतात. पाऊस लागला की वर सागाला पालवी फुटते, खाली कंदांना पानं येतात, आणि सगळा पावसाळा ही पानं दाट सावलीत पुढच्या वर्षीचं अन्न साठवतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून गळतात आणि कंद कोरड्या मातीत झोपतो. फूल, पान, झोप. बागेत हा क्रम उलटला की झाड हातचं गेलं. पुढची प्रत्येक पायरी याच क्रमासाठी आहे, म्हणून मधली एखादी गाळू नका.

० आधी झाडं ठरवा

सुरुवातीला चारच घ्या. भुईचाफा मार्चअखेर ते मे या काळात जमिनीलगत पांढरी-जांभळी, सुवासिक फुलं देतो. एक फूल एकच दिवस टिकतं, पण कंद जोमदार असेल तर एकामागून एक येत राहतात. मे फ्लॉवर, म्हणजे फुटबॉल लिली, मे-जूनमध्ये लाल चेंडू काढते. ती मूळची आफ्रिकेची असली तरी आपल्या उन्हाळ्याला छान सरावली आहे. रानहळद आणि पांढरी मुसळी पहिल्या पावसांनंतर फुलतात.

ट्युलिप, डॅफोडिल आणि तसल्या थंड देशांतल्या वसंतफुलांचे गड्डे ऑनलाइन मागवू नका. ट्युलिपच्या गड्ड्याला फूल धरायला साधारण १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंश सेल्सिअसची सलग थंडी लागते. आपल्याकडे थंडीच्या लाटेत पहाटे पारा ८-१० अंशांवर आला तरी दुपारी तो पुन्हा २५ च्या पुढे जातो. फ्रिजमध्ये गड्डे ठेवून एका हंगामाची हौस भागवता येते, पण त्याला बाग म्हणता येणार नाही.

⚠ सोनटक्का, नेचे, अँथुरियम यांना बारमाही ओल लागते. ती या वाफ्यात नकोतच. त्यांच्यासाठी घातलेलं हिवाळ्यातलं पाणी शेजारच्या झोपलेल्या कंदाला मारतं. सुरणही इथे लावू नका, निदान खिडकीखाली तरी. मे महिन्यात त्याला फूल आलं तर घरात उंदीर मेल्याचा संशय येतो. आम्ही दोन दिवस माळा उपसला होता.

१ जागा मेमध्ये पाहा, दिवाळीत नाही

इथे जवळजवळ सगळेच फसतात. बाग लावायची हुक्की हिवाळ्यात येते, आणि हिवाळ्यात घराची उत्तरेकडची बाजू दिवसभर गार, सावलीत असते. ‘हीच जागा’ म्हणून वाफा होतो, आणि मेमध्ये तिथेच पानं भाजून निघतात.

कारण साधं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार ही ठिकाणं २१ अक्षांशाच्या आसपास आहेत. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ज्या भिंतीवर डिसेंबरात उन्हाचा कवडसाही पडत नाही, तीच उत्तरेची भिंत मेमध्ये सकाळी आणि दुपारी चारनंतर तापते. त्यातही चारनंतरचं ऊन जास्त वाईट, कारण तोवर हवाही ४३-४४ अंशांवर गेलेली असते.

म्हणून एप्रिल-मेमधल्या एका दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ अशा चार वेळा जागेचा मोबाइलवर फोटो काढा. सकाळी ८ ला ऊन असेल तर चालेल, बरंच आहे. ११ ला गाळलेलं ऊन चालेल. २ आणि ५ च्या फोटोत मात्र पूर्ण सावली हवी. ५ ला ऊन दिसत असेल तर पश्चिमेकडून ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी बांधा. डोक्यावर आडवी बांधून तिरप्या उन्हाचं काहीच बिघडत नाही.

झाडाखाली लावायचं असेल तर पानझड होणारं, विरळ झाड निवडा. सीताफळ उत्तम: उन्हाळ्यात उघडं होतं आणि पावसाच्या तोंडावर पालवतं, अगदी रानातल्या वेळापत्रकासारखं. बेल, आवळा चालतात. आंब्याखाली बारा महिने गच्च अंधार असतो आणि त्याची अन्न शोषणारी मुळं वरच्या थरातच पसरलेली असतात. चिंचेखाली वेळ घालवू नका.

✔ तपासणी: निवडलेल्या जागी खुरप्याने वीतभर खोल उकरा. बोटाएवढ्या जाड मुळांचं जाळं लागलं तर खोडापासून आणखी ४-५ फूट लांब सरका. मुळं तोडून जागा करू नका. तोडलेल्या जागी ती दुप्पट जोमाने परत येतात.

२ माती: खड्डा नको, गादीवाफा करा

तापीकाठची काळी माती केळीला आणि कापसाला सोनं आहे, या कंदांना नाही. पावसात ती फुगते, पाणी धरून बसते, आणि उन्हाळ्यात तडकते तेव्हा आतली मुळं तुटतात. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात चांगली माती भरली की एक भांडंच तयार होतं. चहूबाजूंचं पाणी त्या खड्ड्यात उतरतं आणि कंद त्यात बुडून राहतो. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं.

आधी निचरा पाहा. एक फूट खोल खड्डा काढून काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, मग दुसऱ्यांदा भरा. दुसऱ्या वेळी पाणी तासाला निदान एक इंच उतरलं पाहिजे. त्यापेक्षा हळू उतरत असेल तर जमिनीवर ९ ते १२ इंच उंच गादीवाफा हवाच. विटा आडव्या लावून केला तरी चालतो, फक्त विटांच्या सांध्यात सिमेंट भरू नका, पाणी निघायला वाट राहू द्या.

भरणीचं प्रमाण १० घमेल्यांमागे असं: तांबडी माती किंवा हलका पोयटा ४, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत ४, जाड रेती किंवा चाळलेला बारीक मुरूम २. सहा बाय चार फुटांचा, नऊ इंच उंच वाफा भरायला साधारण ४५ ते ५० घमेली लागतात. अंदाज आधीच घ्या, अर्धा वाफा भरून माल संपला की मग माणूस समोरची काळी माती ओढतो.

पालापाचोळ्याचं खत बाजारात चांगलं मिळत नाही, घरी करावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. पानगळीत पडलेली पानं गोळा करा. सागाचं पान जाड असतं, ते हाताने चुरडून किंवा कोयत्याने तुकडे करून घ्या. पानं ओली करून गोणपाटात दाबून भरा, शेणाचं पातळ पाणी शिंपडा, सावलीत ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा ओल पाहा. आठ-दहा महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत होतं. म्हणजे वाफा या फेब्रुवारीत करायचा असेल तर गोणी गेल्या वर्षीच्या पानगळीतच भरलेली हवी. ती नसेल तर घाई करू नका. यंदा गोणी भरा, लागवड पुढच्या वर्षी करा. किंवा तोवर चांगलं मुरलेलं शेणखत आणि जुना नारळाचा काथ्या मिळून ४ घमेली धरा.

⚠ केळीच्या बागेतली माती कितीही सुपीक दिसली तरी आणू नका. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी, म्हणजे मातीतले बारीक जंत, केळीतही असतात आणि हळदीच्या कुळातल्या कंदांनाही लागतात. भुईचाफा आणि रानहळद दोन्ही त्याच कुळातले. एकदा वाफ्यात शिरले की वर्षानुवर्षं जात नाहीत.

✔ तपासणी: वाळलेल्या मातीच्या ढेकळावर चमचाभर व्हिनेगर टाका. फसफसली तर मातीत चुनखडी आहे. आपल्याकडे हे नेहमीचंच. थोडी फसफस चालते, पण मूठभर फेस आला तर ती माती भरणीत घेऊ नका.

३ बेणं

कंद विकत घ्यायची वेळ डिसेंबर ते फेब्रुवारी, झाड झोपलेलं असताना. रोपवाटिकेत जुलैत हिरवंगार पानांचं रोप मिळतं आणि मोह होतो, पण ते हलवलं की पानं बसतात आणि त्या वर्षाची साठवण बुडते. घ्यायचंच असेल तर मातीच्या गोळ्यासकट घ्या आणि हिवाळ्यापर्यंत पिशवीतच राहू द्या.

जंगलातून उकरून आणू नका. यावल अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून झाड किंवा कंद काढणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. शिवाय रानमुसळी अशाच उकराउकरीने विरळ झाली. हळद लावणाऱ्या किंवा मुसळीची शेती करणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे विचारलं तर बेणं बहुतेक वेळा मिळतं.

कंद हातात घेऊन दाबा. टणक हवा. एका तरी जागी फुगलेला डोळा दिसला पाहिजे. नाकाजवळ न्या, आंबूस वास आला तर परत द्या. भुईचाफ्याच्या कंदाखाली बारीक मुळांच्या टोकांना बोंडासारख्या गाठी लोंबतात. अनेक जण त्या ‘घाण’ म्हणून कापून टाकतात. तोच त्याचा अन्नपाण्याचा साठा असतो. पांढऱ्या मुसळीची तऱ्हा वेगळी: तिचं बोटासारखं मूळ, म्हणजे ‘बोट’, नुसतं लावलं तर ते कधीच उगवत नाही. बोटाबरोबर वरच्या चकतीचा, डोळा असलेला तुकडा हवाच.

लागवडीआधी कंद धुऊन अर्धा दिवस सावलीत सुकवा. कापावा लागलाच तर कापलेल्या तोंडाला राख लावा आणि दोन-तीन दिवस सावलीत पसरून जखम वाळू द्या. मग ट्रायकोडर्माच्या पाण्यात बुडवा, मात्रा पुडीवर दिलेलीच. रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच दिवशी वापरू नका. ट्रायकोडर्मा स्वतःच एक बुरशी आहे, पहिलं औषध दुसऱ्याला मारेल.

⚠ मे फ्लॉवरचा कंद विषारी असतो. कांद्यासारखा दिसतो, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा कांद्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. हाताळल्यावर हात धुवा.

४ लागवड

भुईचाफा फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, डोळा हलायच्या आत लावा. दोन इंच माती वर येईल एवढा खोल, डोळा वर, गाठी खाली मोकळ्या पसरलेल्या, दोन कंदांत वीतभर अंतर.

मे फ्लॉवर मार्चमध्ये. याची मान मातीच्या पातळीवरच राहिली पाहिजे. पुरला की पानं येतात, फूल रुसतं. आणि एकदा बसला की तीन-चार वर्षं हलवू नका, त्याला गर्दी आवडते.

रानहळद आणि मुसळी पहिला दमदार पाऊस पडून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर. आपल्याकडे तो बहुधा जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो. मेच्या अखेरच्या वळवाच्या सरीला फसू नका. ती मागे पंधरा दिवसांचा कोरडा ताप सोडून जाते.

लावून झालं की वर दोन-तीन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, पण मे फ्लॉवरच्या मानेभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा. प्रत्येक कंदाशेजारी बांबूची खुणेची काडी रोवा, नाव लिहून. आत्ता वेडेपणा वाटेल. जानेवारीत वाफा रिकामा दिसेल आणि घरातलं कुणीतरी तिथे कोथिंबीर टाकायला खुरपं घेऊन बसेल, तेव्हा ती काडीच उपयोगी पडेल.

५ पाणी: इथेच कंद जगतो किंवा मरतो

जळगाव जिल्ह्यात ठिबकाशिवाय बाग म्हणजे नवल. आमच्याकडेही टायमर होता. पहिल्या हिवाळ्यात वाफा रिकामा, वर टायमर रोज सकाळी दहा मिनिटं चालू. शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, “काय करी ऱ्हायना भाऊ? मातीले पाणी पाजस का?” मी हसलो. मार्चमध्ये उकरलं तर बारातले नऊ भुईचाफे कुजले होते.

झोपलेल्या कंदाला पानं नसतात, त्यामुळे तो पाणी उपसत नाही. घातलेलं पाणी मातीत तसंच राहतं, रात्री माती गार पडते, आणि त्या गार ओलीत बुरशीचं फावतं. कूज रोगामुळे झाली असं वाटून लोक औषधं आणतात. औषध एकच, नळ बंद करणं. या वाफ्याची ठिबकची नळी वेगळ्या कॉकवर घ्या. वर्षाचं गणित असं:

डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी शून्य. लावणीच्या दिवशीही कोरड्या मातीतच लावा. अवकाळी पावसाची चिन्हं दिसली तर ताडपत्री टाका आणि पाऊस थांबल्यावर लगेच काढा.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा बाय चारच्या वाफ्याला झारीने २० लिटर पाणी, एकदाच. मग दहा-बारा दिवस वाट पाहा. कोंब दिसला की चार-पाच दिवसांनी एकदा, संध्याकाळी. आठवडाभरात कोंब दिसला नाही म्हणून रोज पाणी घालणं ही दुसऱ्या क्रमांकाची चूक.

फुलं संपून पानं येईपर्यंत, म्हणजे मेच्या आसपास, माती आतून जेमतेम ओलसर राहू द्या. आच्छादन विरळ झालं असेल तर नवं घाला. माती तापून कंद शिजतो तो याच दिवसांत.

जून ते सप्टेंबर पाऊस पाहून घेतो. आठ दिवस उघाड पडली तर मात्र भरपूर पाणी द्या. या काळात पानांना ताण बसला तर पुढच्या वर्षीचं फूल गेलं.

ऑक्टोबरात अंतर वाढवत न्या. अर्धी पानं पिवळी दिसली की कॉक बंद.

✔ तपासणी: मधलं बोट आच्छादनाखाली दोन पेरं खुपसा. पावसाळ्यात माती बोटाला चिकटली पाहिजे, हिवाळ्यात बोट कोरडंच बाहेर आलं पाहिजे.

बोअरचं पाणी जड असेल, वाफ्याच्या विटांवर पांढरी खार धरत असेल, तर शक्य तेवढं पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. निदान मार्चचं पहिलं पाणी तरी.

६ पानांचे चार महिने

फूल संपलं की आपलं लक्ष उडतं. पण एप्रिलमधलं फूल गेल्या जुलै ते ऑक्टोबरच्या पानांनी कमावलेलं असतं. तेव्हा जुलैच्या पहिल्या आठवड्यात दर चौरस मीटरला दोन किलो गांडूळखत आणि १०० ग्रॅम निंबोळी पेंड आच्छादन बाजूला सारून द्या, ऑगस्टअखेर तेवढंच पुन्हा. युरिया नको. पानं रसरशीत होतात, कंद पोचट राहतो, ‘पानं हातभर, फूल नाही’ ही तक्रार अनेकदा इथूनच येते.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती चुनखडीची करणी, लोह मिळत नाही. चिलेटेड लोहाची फवारणी पुडीवरच्या मात्रेने, ढगाळ संध्याकाळी, पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पान गुंडाळून आत बसणारी अळी रानहळदीवर हमखास येते. गुंडाळी उलगडून हाताने काढा, एवढ्याशा वाफ्याला फवारा कशाला? गोगलगायींसाठी रात्री ओलं गोणपाट अंथरा आणि सकाळी उचलून पाहा.

⚠ गणपती-गौरीत वाफा ‘नीटनेटका’ करायच्या नादात पानं कापू नका. दिवाळीतही नाही. पान पूर्ण वाळून ओढलं की सहज हातात येतं, तेव्हाच काढा.

७ झोप, आणि तिसऱ्या वर्षी फोड

नोव्हेंबरअखेर वाळलेली पानं काढून टाका, कॉक बंद आहे ना ते पाहा, काड्यांवरची नावं पुसट झाली असतील तर पुन्हा गिरवा. आच्छादन राहू द्या. कंद उकरून घरात ठेवायची गरज नाही. वाफ्यात निचरा असेल तर जमिनीतच ते सुखी असतात.

कुंडीत लावलं असेल तर बारा इंच तोंडाची मातीची कुंडी घ्या. पावसाळ्यात खालची ताटली काढा. झोपेच्या दिवसांत कुंडी जिन्याखाली किंवा पडवीत आडवी करून ठेवा, म्हणजे येता-जाता कुणी तांब्याभर पाणी ओतणार नाही. मेमध्ये कुंडी गच्चीच्या फरशीवर ठेवू नका, माती आतून भाजते.

भुईचाफ्याची जाळी तिसऱ्या वर्षी दाट होते आणि फुलं मध्यभागी कमी, कडेला जास्त येऊ लागतात. फोड करायची खूण तीच. जानेवारीत कुदळीने कडेपासून हातभर लांब खणून अख्खा गोळा उचला, हाताने सुटे होतील तेवढेच कंद वेगळे करा, जे अडकून बसलेत त्यांना ओढू नका. प्रत्येक तुकड्याला निदान दोन डोळे आणि चार-पाच गाठी हव्यात. फोड केलेल्या कंदांना त्या उन्हाळ्यात फुलं कमी येतील. एका कंदावर एखादंच आलं तरी पाणी वाढवू नका.